उतरत्या पत्र्याचं माप

उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी कॉम्प्युटरवर थ्रीडी ड्रॉइंग करायचो. एकदा कडबाकुट्टी मशीनच्या उतरत्या तोंडाचा पत्रा मी ड्रॉइंगमध्ये आठशे मिलिमीटर दिला. फिटरनं तो मापून कापला, आणि बसवताना तो चांगला चार बोटं आखूड पडला.

"मामा, मापात तुम्हीच चुकलाय," मी म्हाताऱ्या फिटरवर खेकसलो. त्यांच्या टेपचा हूक सैल असणार, म्हणून तोही ओढून बघितला. घट्ट होता. तरी माझा संशय जाईना.

ऊन डोक्यावर होतं. मामांनी दारात पट्टी तिरकी धरली. फरशीवर तिची सावली आखूड पडली. "सायेब, तुमी सावली मोजलीया की."

मी स्क्रीनवरचं मॉडेल फिरवलं. माझा आठशेचा आकडा उतरत्या पत्र्यावर नव्हताच, तो त्याच्या खालच्या आडव्या अंतरावर, जमिनीवर लोळत होता.

मामांची टेप अजून माझ्याच हातात होती.