दहा मिनिटं ओलं

साथीच्या दिवसांत शेजारच्या सुमनमावशी माझ्या आईची औषधं आणून द्यायच्या. त्या सरकारी दवाखान्यात सफाईचं काम करत. एकदा त्या घटकाभर खुर्चीत टेकल्या. त्यांची पाठ वळताच मी खुर्चीवर जंतुनाशक फवारलं आणि घाईघाईने पुसलं. वर पाहिलं, तर विसरलेली छत्री घ्यायला त्या परत येऊन दारात उभ्या होत्या.

“लगेच पुसू नका, ताई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बाटलीवर लिहिलंय बघा, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. तरच विषाणू मरतो. वॉर्डात आम्ही तसंच करतो.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून छत्री दिली. दुसऱ्या दिवसापासून औषधं दाराच्या कडीला अडकवलेली मिळू लागली.