पहिले माह्या डोक्याले

वणीला आमच्या शेजारी राहणारे काका कोळसा खाणीत डंपर चालवायचे. निवृत्तीनंतरही काही बोलायचं झालं की आधी मागे वळून बघायचे. गाडी रिव्हर्स घेताना लागलेली सवय. धाकटी मुलगी गेल्यापासून काकूंनी मात्र बोलणं जवळजवळ सोडलं होतं.

पोटदुखीसाठी काकूंची सोनोग्राफी झाली, तेव्हा मी सोबत होतो. पडद्यावर पित्ताशय दिसलं. काका डॉक्टरबाईंना म्हणाले, "हेच मशीन हिच्या डोक्यावर फिरवून द्या ना. लहरीनं मन बरं होते म्हणतात."

"मनाच्या उपचाराचं ते मशीन वेगळं, काका. हे आवाजाच्या लहरींनी आतलं चित्र दाखवतं, उदासी घालवत नाही. ते चुंबकाच्या स्पंदनांनी मेंदूला चालना देतं, चित्र दाखवत नाही. आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा."

काका पडद्याकडे पाहत राहिले. "म्हंजे हिच्या मनातलं तुमाले बी नाई दिसत," ते हळूच म्हणाले.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी तोच चुंबकाचा उपचार सांगितला. पहिल्या दिवशी मीही सोबत गेलो. यंत्राची टकटक ऐकून काकू घाबरून खुर्चीतून उठल्या. काकांनी टोपी काढली आणि ते स्वतःच तिथं बसले.

"पहिले माह्या डोक्याले लावा. दुखते का ते पाहू द्या."

"असं करता येत नाही, काका," तंत्रज्ञ म्हणाला. तरी ते उठेनात.

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा आता. बसतो मी."

कित्येक महिन्यांनी मी त्यांचा आवाज ऐकत होतो. काका उठले, हाताने खुर्ची पुसली आणि दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.