वायपरच्या मोटारींवरची गाडी

माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं आजवर दोन लाख नव्या कोऱ्या गाड्या चालवल्या आहेत. दचकू नका. एकेक गाडी चारशे मीटर. चाकणला त्याच्या कंपनीत लाइनवरून उतरलेली गाडी यार्डात नेऊन लावायची, टेम्पोत बसून परत यायचं, पुढची घ्यायची. काटा वीसच्या वर न्यायचा नाही, सेकंड गिअरच्या पुढं जायचं नाही, हातात पांढरे मोजे, सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. चौदा वर्षं हेच. सुजित त्याचं नाव. लग्न ठरवताना त्याचा चुलता म्हणाला होता, ‘पोरगा गाड्यांच्या कंपनीत ड्रायव्हिंगला आहे.’ आम्ही देहूरोडची भोळी माणसं, आम्हाला वाटलं मोठा टेस्ट ड्रायव्हर असेल.

मी बुद्धभूषण. चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. बंद पडलेली लाइन चालू करणं हा माझा धंदा, त्यामुळे बिघाड मला लवकर कळतो, मशीनमधला असो की माणसातला. सुजितमधला मला साखरपुड्यालाच कळला होता. आईनं विचारलं, भाजीत मीठ कमी पडलंय का? तर म्हणे, ‘चालतंय की.’ या माणसाला सगळं चालतं. चौदा वर्षं टेम्पररीच राहिला, चालतंय. शिफ्ट हवी तशी फिरवली, चालतंय. माझी बहीण आम्रपाली एम.कॉम. झालेली, ती कासारवाडीच्या दोन खोल्यांत बसून लोकांचे ब्लाउज शिवते, तेही चालतंय! खरं सांगतो, मला हा माणूस कधीच आवडला नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या कंपनीनं जाहीर केलं की आता यार्डात गाड्या न्यायला ड्रायव्हर लागणार नाहीत. वर कॅमेरे बसवणार, गाडी आपली आपण जाऊन उभी राहणार. अकरा ड्रायव्हर होते. त्यातल्या चौघांना कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवर घेणार, तेही पर्मनंट. बाकीच्या सात जणांनी जूनमध्ये गेटपास जमा करून घरी जायचं. निवड कशी, तर ट्रॅकवर परीक्षा. शेजारी इन्स्ट्रक्टर, पाच फेऱ्या, आणि मोठ्या वळणावर काटा ऐंशीच्या खाली आला की नापास.

ऐंशी! ज्या माणसानं कारमध्ये तिसरा गिअर टाकलेला नाही, त्याला ऐंशी. आम्रपालीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, ‘दादा, हे झालं तर आमचं सगळं मार्गी लागेल रे. नाही झालं तर ते म्हणतात बाइकवर पार्सल पोचवीन. चाळिशीत?’

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? ओळखीपाळखीच्या कुणाची तरी कार मागून घेतली असती आणि हायवेवर हात साफ केला असता. माझ्याकडं कार आहे. जुनी आहे, पण आहे. एका शब्दानं विचारलं असतं तर मी दिली असती. चार शब्द सुनावले असते, पण दिली असती. पण साहेबांना मागायची लाज. दुसऱ्याची गाडी ठोकली तर काय तोंड दाखवू, असं म्हणे. म्हणून साहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि घरातच गाडी बांधायला घेतली.

गाडी म्हणजे रेसचा गेम खेळायची हलती खुर्ची. परदेशातले लोक असलं घरी बनवतात. टीव्हीवर गाडी वळली की खालची सीट झुकते, ब्रेक मारला की पुढं कलते, अंगाला वाटतं आपण खरंच गाडीत बसलोय. सुजितनं पुढच्या खोलीतला पलंग शेजाऱ्यांकडं ठेवला आणि आम्रपालीची शिलाई मशीन गॅलरीत ढकलली. भोसरीच्या भंगारातून चौकोनी पाईप आणले, एका ठोकलेल्या गाडीची सीट आणली, जुन्या जीपच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सगळीकडं वळणारा सांधा, आणला. सीट त्या क्रॉसवर बसवली, म्हणजे चारी बाजूंना हलायला मोकळी. मागं डावीकडं-उजवीकडं ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी, त्यांच्या दांड्या सीटला जोडलेल्या. स्टिअरिंग आणि पेडल वाकडच्या कुणा आयटीवाल्यानं वापरून टाकलेलं. वेल्डिंग ह्यानं स्वतः केलं, आणि ते वेल्डिंग आमच्या कंपनीत पहिल्या दिवशीच्या ट्रेनीनं केलं असतं तरी मी त्याला गेटबाहेर काढला असता.

हे सगळं तीन महिने चाललं होतं आणि मला, घरातल्या एकमेव मेंटेनन्सच्या माणसाला, ह्यानं एकदाही विचारलं नाही. दादा, मोटार कुठली घेऊ? दादा, हा नट किती आवळू? काही नाही. व्हिडिओतला कुणीतरी गोरा त्याला माझ्यापेक्षा जवळचा. मी म्हटलं, बरंय बाबा, बघू तुझी गाडी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्रपालीनं जेवायला बोलावलं. मी दारातून ‘जय भीम’ म्हणत आत शिरलो तर बसायला जागाच नाही, खोलीभर तो सांगाडा. सुजित सीटवर. हातात कंपनीचे पांढरे मोजे, सीटवर प्लास्टिक! समोर टीव्हीवर गाड्या सुसाट चाललेल्या, आणि हा वळण आलं की अंगठ्यानं हॉर्न दाबतोय. रेसमध्ये! मी दाराला टेकून हसत सुटलो.

‘सवय आहे, दादा,’ तो ओशाळून म्हणाला आणि उतरला. ‘तुम्ही बसून बघा ना.’

मी बसलो. मोटारी घरघरल्या. पहिलं वळण डावीकडचं आलं, मी स्टिअरिंग फिरवलं आणि सीट डावीकडं झुकली.

मला तिथल्या तिथं कळलं. वळणावर आत झुकते ती बाइक. कारमध्ये उलट असतं, डावीकडं वळलात की अंग उजवीकडं फेकलं जातं. म्हणजे सीट उजवीकडं कलायला हवी, तरच अंगाला कार कळणार. पण वीसच्या स्पीडला अंगाला काही कळत नाही, आणि कंपनीबाहेर ह्यानं जन्मभर चालवली ती बाइक. कासारवाडी ते चाकण, ऊन असो नाहीतर पाऊस. एसटीत बसला असेल, रिक्षात बसला असेल, पण हातात स्टिअरिंग आलं की ह्याचं अंग बाइकवाल्याचं.

वर तोच मला अभिमानानं सांगतो, ‘आधी ना दादा, उलटं झुकत होतं. डावीकडं वळलं की उजवीकडं. मला वाटलं व्हिडिओवाल्याचंच काहीतरी चुकलंय. मग मी दोन्ही मोटारींच्या वायरी अदलाबदल केल्या. आता बरोबर झालं. काही चुकत असेल तर सांगा हां.’

म्हणजे बरोबर असलेलं ह्यानं बिघडवलं होतं! हसू माझ्या ओठांवर आलं होतं. दोन वायरी, पाच मिनिटांचं काम. पण मी मनात म्हटलं, तीन महिने मी मेलो होतो का? तेव्हा विचारायला तोंड नव्हतं, आता शाबासकी पाहिजे? फिरू दे लेकाला बाइकच्या कारमध्ये. कळेल आपोआप चार दिवसांत, मग येईल लोटांगण घालत.

‘एक नंबर, पाहुणे,’ मी म्हटलं. ‘चालू द्या.’

असा खुलला तो! आम्रपालीनं आतून मटणाची ताटं आणली. मी दोनदा रस्सा मागून घेतला आणि पोटभर जेवलो.

चार दिवसांत त्याला काही कळलं नाही. महिन्यातही नाही. चौदा एप्रिलला पिंपरीच्या चौकात गर्दीत भेटला, पांढरा शर्ट, कपाळावर निळा गुलाल. डीजेच्या आवाजात माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, ‘दादा, रोज दोन तास बसतोय! आता अंगाला सवय झाली! वळण आलं की आपोआप कलतो!’ कलतो म्हणजे कुठल्या बाजूला, हे मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो इतका आनंदात होता, आणि खरं सांगू, त्याचा तो आनंदच मला सहन झाला नाही. अर्धवट माहितीवर एवढं फुगायचं? मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आमच्या मंडळाच्या पोरांत शिरलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. संध्याकाळी आम्रपालीचा फोन आला, नुसतं ‘ये’ म्हणाली. मी गेलो.

सुजित जमिनीवर मांडी घालून बसला होता, सीटला टेकून. मला बघून उठला, पाणी दिलं आणि स्वतःच सांगायला लागला. ‘पहिलंच मोठं वळण, डावीकडचं, दादा. काटा ब्याऐंशीवर. म्हटलं आता डावीकडं कलणार. तर अंग एकदम उजवीकडं फेकलं गेलं. मला वाटलं गाडी उलटली. हात आपोआप उलटा फिरला.’ गाडी रबरी कोन उडवत गवतात गेली होती. इन्स्ट्रक्टरनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून थांबली. दुसरी फेरी दिलीच नाही. सही घेतली आणि पुढच्याला बोलावलं.

‘घरी येऊन वायरी बदलल्या,’ तो म्हणाला. ‘बसलो. दहा मिनिटांत कळलं, राव. इतके महिने मी स्वतःला उलटं शिकवत होतो.’

मी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

‘पण एक बरं झालं, दादा. त्या दिवशी तुम्ही बसला होतात. तुमच्यासारख्या मेंटेनन्सच्या माणसाला कळलं नाही, तर मला कुठून कळणार? नाहीतर मी स्वतःला माफच केलं नसतं.’

‘हो ना,’ मी म्हटलं. ‘माझ्याही लक्षात आलं नाही.’

त्याला खरंच बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं. दूध संपलंय म्हणाला, चप्पल घातली आणि खाली गेला. माझी मला इतकी घाण वाटली की तिथून उठून पळावंसं वाटलं.

आम्रपाली गॅलरीच्या दारात उभी होती. गळ्यात टेप तसाच. ‘तुला कळलं होतं,’ ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान डोलावली.

‘का रे?’

उत्तर माझ्याकडं होतं. तो मला आवडत नाही. त्यानं मला विचारलं नाही. बहिणीसमोर हे तोंडातून निघेना. ‘मी सांगतो त्याला,’ मी म्हटलं. ‘आत्ता आला की सांगतो. पाया पडतो.’

‘खबरदार!’ ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं आणि पुन्हा बंद झालं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘तुलासुद्धा कळलं नाही, एवढंच त्याच्याकडं उरलंय. तेही काढून घेणार आहेस का? गप बस. तुला गप बसायला जमतं.’

सुजित दूध घेऊन आला. तिनं चहा टाकला, तिघांनी प्यायला. सातातला एक म्हणून त्यानं महिनाअखेरीला गेटपास जमा केला. आता पार्सलची मोठी पिशवी पाठीला लावून बाइकवर फिरतो. आणि तेव्हापासून तो मला सगळं विचारतो. बाइकचा आवाज कसा येतोय, बॅटरी कुठली घेऊ, ह्या कंपनीत अर्ज टाकू का. परवा तर म्हणाला, ‘दादा, तुमच्याशी बोललं की धीर येतो.’ मी सांगतो ते तो निमूटपणे ऐकतो आणि तसंच करतो.