ओरिसियाचे अकरा कामगार

फॉर्मवरचा अकराचा आकडा माझ्या हातचा आहे, हे आधीच सांगून टाकते. ओरिसियाने सांगितला, मी लिहिला. तिचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेलेली. माझं रोजची वही लिहून लिहून वाचण्याजोगं झालेलं. म्हणून गावच्या कचेरीतून छापून आलेला तो सरकारी कागद माझ्याकडे आला. ती खिडकीच्या आत उभी, मी बाहेर बर्फात, मध्ये काच वीतभर उघडी.

"तुमच्या व्यवसायात किती जण काम करतात?" मी वाचलं.

"अकरा," ती म्हणाली. "आणि तुझा नवरा त्यात धरलाय, जरी तो फार काही करत नसला तरी."

मी अकरा लिहिलं. त्यात मला काही खोटं वाटलं नाही.

आमचं लिपका गाव दोनशे बारा माणसांचं. आधी धान्याचं कोठार गेलं, मग शाळा, मग पोस्ट अर्ध्या दिवसाचं झालं. ओरिसियाचं कॉफीघर राहिलं. तिचा नवरा वारल्याला एकोणीस वर्षं झाली; तेव्हापासून ती एकटी वरच्या खोलीत राहते आणि खाली कॉफीघर चालवते. किल्ली खिडकीखालच्या खिळ्याला. सहा वाजता जो पहिला येईल त्याने दार उघडायचं आणि कॉफी ठेवायची. दुसऱ्याने पायरीवरचं बर्फ ओढायचं. तिसऱ्याने भिंतीवरच्या खुंट्यांवरून अकरा कप काढायचे, प्रत्येकाचा कप ठरलेला. मग फासे टाकायचे. हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. ओरिसिया साताला खाली यायची आणि म्हणायची, "आज कोणी मेलं का?" कोणी नाही म्हटलं की अंडी फोडायला घ्यायची.

आमचे हे त्या अकरातले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी घरात कधी कॉफी केली नाही. तिथे करायचे. हे मला त्या फॉर्ममुळे कळलं.

मार्चमध्ये साथ आली आणि हुकूम निघाला की आत बसायचं नाही. ओरिसियाने खिळ्यावरची किल्ली काढून एप्रनच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी अकराही जण आपापल्या पिकअप गाड्या घेऊन आले आणि दुकानासमोर गोल करून उभे राहिले. काचा खाली, थंडी उणे पंधरा. ती मोजे घालून ट्रेमधून कॉफी देत फिरायची. पैसे घेईना. "दुकान बंद आहे," म्हणायची, "बंद दुकानात पैसे घेतात का?" फासे गाडीच्या टपावर टाकले तर एक बर्फात गेला, तो मे महिन्यात सापडला.

शिवाय ती रोज पाचला उठून बोर्श्ट करायची, म्हणजे आमचं बिटाचं सूप. तेवीस डबे. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं अशा म्हाताऱ्यांच्या दारात ते ठेवले जायचे. बीट, कोबी लोक तळघरातून आणून द्यायचे. ह्या सगळ्यात येणारा पैसा शून्य. दुकानामागच्या टाकीतला गॅस मात्र जळत होता, आणि गॅसवाल्याने सांगितलं होतं की मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय टाकी भरणार नाही. टाकी रिकामी झाली की घर गरम ठेवणारी भट्टी बंद, भट्टी बंद झाली की पाणी गोठून नळ फुटणार. मग तिने कॅलगरी शहरात मुलाकडे जायचं. त्याच्या तळमजल्यावर तिच्यासाठी एक खोली होती. आणि एक मांजर.

"मांजर चांगलं आहे," ओरिसिया म्हणाली. "पण ते सकाळी सहाला काही बोलत नाही."

मीच तिच्या मागे लागले की मदत मागायला काय हरकत आहे. "मी सरकारकडून आजवर काही घेतलेलं नाही," ती म्हणाली, "रस्ता सोडून." मी म्हटलं, अगं, वाळवंटात आकाशातून देवाचं अन्न, मन्ना, पडला तेव्हा मोशेच्या लोकांनी कोणाच्या कोठारातला म्हणून विचारलं नाही, वेचला. ती म्हणाली, "त्यांना फॉर्म नव्हता."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मदतीच्या कचेरीतून फोन आला. शँटल नावाची बाई, आवाजावरून तरुण, लहान मूल मागे रडत होतं. ओरिसियाने फोन खिडकीच्या फटीत धरला, म्हणजे मलाही ऐकू येईल.

"तुमच्याकडे अकरा कामगार आहेत असं लिहिलंय. त्यांचा पगार किती?"

"पगार नाही. ते पैसे देतात."

"कामगार तुम्हाला पैसे देतात?"

"सगळे नाही. हरेल तो."

पलीकडे शँटलने मूल उचललं असावं; रडणं जवळ आलं.

"बरं," शँटल म्हणाली. "आणि तुम्ही स्वतः? तुमचं नाव ह्या अकरात दिसत नाही."

"मी तिथेच राहते."

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"भांडी?"

"मीच. दुसरं कोण?"

"म्हणजे तुम्ही काम करता, बाई."

"ते काम नव्हे," ओरिसिया म्हणाली. "ते उठल्यावर करायचंच असतं."

शँटलने मग नीट समजावलं. पगारासाठीची मदत तिला लागू नाही, कारण पगारच नाही. पण ज्यांचा रोजगार थांबला त्यांच्यासाठी वेगळी मदत आहे, दर महिन्याला, आणि ती नक्की मिळेल. फक्त एका प्रश्नापुढे खूण करायची: सलग चौदा दिवस तुमचं काम थांबलेलं आहे का?

"नाही," ओरिसिया म्हणाली. "पाचला उठते, तेवीस डबे करते. थांबलंय कुठे?"

"त्याचे पैसे मिळतात का तुम्हाला?"

"आजाऱ्यांना सूप विकायचं? असं शिकवणारी तुझी आई कोण गं?"

"तेच म्हणतेय मी. पैसे मिळत नाहीत म्हणजे कागदाच्या दृष्टीने ते काम नाही. खूण करा."

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी तूच म्हणालीस की ते काम आहे."

शँटलने कागदावरचा तोच प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. तिचा दोष नाही. ओरिसियाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "उपासाचे चाळीस दिवस चाललेत. मी खोटी खूण करू, आणि ईस्टरला फादरपुढे कबूल करू की मी सूप केलं नव्हतं? तेवीस साक्षीदार आहेत."

हे मी रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या गोलात सांगितलं. वासिल म्हणून त्यांच्यातला सगळ्यात थोरला, ऐंशीचा, गाडीतून उतरून ओरिसियाच्या खिडकीशी गेला.

"किल्ली दे," म्हणाला.

"कशाला?"

"तू आम्हाला कामगार लिहिलंस ना? मग आम्ही कामाला लागतो. तू चौदा दिवस वर बसायचंस. बटाटासुद्धा सोलायचा नाहीस."

"तुला बोर्श्ट येतो?"

"पंचाहत्तर वर्षं खातोय."

"मी पंचाहत्तर वर्षं चर्चची घंटा ऐकतेय, म्हणून घंटा ओतता येते का मला?" ती म्हणाली. पण तिने वर जाऊन टाकीवरच्या काट्याची काल लिहून ठेवलेली चिठ्ठी बघितली. बावीस टक्के. तिने किल्ली दिली.

ठरलं असं की रोज एकानेच, तोंडाला फडकं बांधून, आत जायचं. कॉफी ज्याची त्याने घरून आणायची. मंगळवार, सात एप्रिल, वहीत नोंद आहे: वासिल आत, ओरिसिया वर. तिच्या खोलीच्या जमिनीला भोक आहे, पूर्वी खालच्या शेगडीचा धूर जायचा ते. त्यातून ती ओरडायची, "कांदा आधी! आधी कांदा, रे मेल्या!" यावर गाड्यांमध्ये वाद झाला की ओरडणं हे काम धरायचं का. शेवटी तिने स्वतःच शँटलला फोन केला.

"ओरडण्याचे पैसे घेता का?" शँटलने विचारलं.

"नाही. लग्न झाल्यापासून फुकट करतेय."

"मग चालेल."

पहिल्या दिवशी दुपारी म्हाताऱ्या कोब्रिन्स्काबाईंचा मला फोन आला. "ओरिसिया वारली का?" मी म्हटलं, नाही हो, का? "सूपमध्ये गाजराचा देठ आहे. मला वाटलं वारली. बरं झालं. मी जपमाळ काढून ठेवली होती."

मी रोज दुपारी तिच्या खिडकीखाली जाऊन उभी राहायची. ती खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मांडीवर, जणू दुसऱ्या कोणाचे सांभाळायला दिलेत. "तुला कसं जमतं गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मला कुठे जमतं, मी रोज स्वयंपाक करते. "नाही," ती म्हणाली, "चर्चमध्ये. नुसतं बसणं."

पाचव्या दिवशी, शनिवारी, आमच्या ह्यांची पाळी होती. ह्यांनी पातेलं करपवलं. वास वर गेला. ती खाली आली, ह्यांना बाजूला केलं आणि ते पातेलं तारेच्या घासणीने घासून लख्ख केलं. पालथं घातल्यावर तिच्या लक्षात आलं.

"कोणी बघितलं नाही," हे म्हणाले.

"तू बघितलंस," ती म्हणाली. "आणि तुझा उपयोग नसला तरी तू माणूस आहेस." तिने कॅलेंडरवरच्या पाच फुल्या खोडल्या आणि रविवारपासून पुन्हा एक धरला. टाकीचा काटा सोळावर.

हे घरी येऊन जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही.

मध्ये ईस्टर आला. पास्का, म्हणजे सणाचा पाव, भाजणं हे काम आहे का, असं मी फादरना फोनवर विचारलं. फादर म्हणाले, पास्का ही प्रार्थना आहे, आणि नंतरच्या भांड्यांबद्दल मला विचारू नका. तिने पास्का भाजला. साचे मी घरी आणून घासले. चर्च बंद होतं, तेव्हा फादर गाडीतून उतरून एकेका घरासमोर टोपलीवर तीर्थ शिंपडत गेले. ओरिसियाच्या टोपलीनंतर त्यांनी मागे जाऊन गॅसच्या टाकीवरही शिंपडलं. काटा अकरावर होता, तसाच राहिला; पण त्या दिवसापासून थंडी उणे तीनवर आली. मी याला काय म्हणायचं ते म्हणते.

पंचवीस एप्रिलला चौदा फुल्या झाल्या. काटा आठवर. ओरिसियाने खिडकीत बसून, माझा पेन घेऊन, खूण स्वतः केली. मग कागद उलटा करून पाहिला, शाई पलीकडे उमटलीय का म्हणून. माझ्या मुलीने तो अर्ज पाठवला. बुधवारी पैसे आले, गुरुवारी गॅसवाला आला आणि नळी जोडून टाकी भरू लागला. अकराही गाड्यांचे दिवे लावले होते, भर दुपारी.

ती खाली आली. त्या दिवशी सूप पुन्हा आमच्या ह्यांचं होतं. तिने पळीभर चाखलं, पळी परत ठेवली, आणि दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्हा अकराही जणांना कामावरून काढलंय. आजपासून."

आणि फॉर्मच्या तळाशी लिहिलेलं असतं की काही बदल झाल्यास कळवा, म्हणून तिने शँटलला फोन लावला.

"अकरा माणसं काढावी लागली," ती म्हणाली. "लिहून घे."

"अरेरे. का हो?"

"सूप."

"त्यांना काही मिळत होतं का तुमच्याकडून?" शँटलने विचारलं. तिचा पेन चालल्याचा आवाज येत होता.

ओरिसियाने विचार केला. "सकाळ," ती म्हणाली. "ती परत देईन म्हणते, हुकूम उठला की."

जूनमध्ये हुकूम उठला आणि किल्ली खिळ्यावर परत गेली. पण त्या गुरुवारची माझी नोंद एवढीच आहे: गॅस आला. ह्यांची नोकरी गेली. जेवायला घरी. देवाची कृपा.