वायुघरातले दोन मृत्यू

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो. जव्हारचे ते वायुघर विसरता येत नाही.

मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. गावाबाहेर एका ठेकेदाराने विजेचे यंत्र बसवले होते; त्यालाच लोक वायुघर म्हणत. बंद भट्टीत कोळसा धुमसवायचा आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचे. वाफेच्या बॉयलरपेक्षा यात बराच कमी कोळसा लागतो, असे तो सांगे. ते खरेही होते. पण आगगाडीने आलेला कोळसा डहाणूहून बैलगाड्यांनी घाट चढवून आणावा लागे आणि ते भाडे त्याला परवडेना.

एका दुपारी भट्टीच्या खोलीत जामसरचे दोन मजूर मेलेले सापडले. अंगावर जखम नाही, चेहरे मात्र जिवंत माणसासारखे लाल. बाकीचे मजूर पळाले. आत पाऊल टाकायची माझीही हिंमत झाली नाही. प्रेते बाहेर काढवून मी दारातूनच पंचनामा उरकला. ठेकेदार म्हणाला, "त्यांच्या गावच्या भगताने ताडीत विष घातले. इथे जाऊ नका, असे तोच सांगत फिरत होता." मी भगताला अटक केली.

दोन दिवस चौकशी चालली. भगत एकच सांगे, "सायेब, मी विख नाय घातलं. तठं वळचणीच्या चिमण्या मरून पडत. म्हणून सांगलं, नोका जाऊ."

तिसऱ्या दिवशी एका मृताची बायको ठाण्यावर आली. "माझा नवरा ताडी पीतच नव्हता," ती म्हणाली. "तठं गेला का त्याचं डोकं दुखं, पाय लटपटत. छपरावरची नळी बंद केली, तवापासून."

तिला घेऊन मी वायुघर गाठले. ती दारात थांबली, मी आत गेलो. भट्टी आत अजून धुमसत होती, पण धूर नव्हता, वासही फारसा नव्हता. नळीची झडप तारेने आवळलेली होती. तार सोडवू लागलो तोच कानशिले ठणकली, गुडघे वाकले. हाक मारायला तोंड उघडले, आवाज निघेना. दार समोर दिसत होते आणि तिथवर जाता येत नव्हते. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. त्या बाईनेच पट्टा धरून मला बाहेर ओढले.

ठेकेदाराला समोर बसवल्यावर तो बोलला. इंजिन थांबले तरी भट्टी धुमसत राही आणि तो वायू नळीतून बाहेर जाई. "एवढे भाडे भरून आणलेला कोळसा हवेत सोडू?" त्याने मलाच विचारले. म्हणून त्याने झडप बंद केली आणि तो विषारी वायू खोलीत झिरपू लागला.

ठेकेदाराला शिक्षा झाली, भगत सुटला. भगताची क्षमा मागायला मी जामसरला गेलो. माझा गणवेश पाहताच त्याची बायको मुलांना घेऊन रानात पळाली. तो मात्र दारात उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "सायेब, आता कोण मेलं?"

माझ्या भीतीची शिक्षा मी एका निरपराध माणसाला दिली होती. त्यानंतर घटनास्थळी स्वतः उभा राहिल्याशिवाय मी कुणालाही बेडी घातली नाही.