पाटावर टांगलेले बिल्ले

आमच्या गावात उंच म्हणून दाखवायचं तर तीनच वस्तू. तलावाची पाळ, दिवाळीनंतर रचलेली धानाची पुंजणी आणि पाण्याची टाकी. अशा सपाट गावात बसून बाबांनी एका सकाळी चहात टोस्ट बुडवता बुडवता जाहीर केलं, "मले कळसूबाईवर जायाचं हाये."

महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, भंडाऱ्याहून जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडून गेल्यावर लागणारं. शनिवार-रविवारी तिथे जत्रेसारखी गर्दी असते आणि लोखंडी शिड्यांवर माणसं मुंग्यांसारखी चिकटलेली असतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. बाबांनीही तेच पाहिलं होतं. फरक एवढाच, की त्यांना ते आवडलं.

"कायले पण?" मी म्हणालो.

"सारी जिंदगी खाली उतरलो ना बे. एकदा वरून पाहू दे."

बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत मेट होते. पाळीची माणसं आत जायच्या आधी यांनी जायचं, लोखंडी सळईनं छत ठोकून पाहायचं, आवाज भरीव आला तर माणसं सोडायची आणि पोकळ आला तर नाही. निवृत्त होऊन आमच्याकडे आले तेव्हा सळई बरोबरच आणली. नव्या घराचा स्लॅब त्यांनी सगळ्या खोल्यांत फिरून ठोकला. माझ्या बायकोनं माहेरी फोन करून सांगितलं, की मामाजींना घर पसंत आहे, फक्त न्हाणीवर जरा संशय आहे.

मला त्यांची काळजी वाटत होती, ती सरळ सांगतो. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, छातीत थंडीची खरखर. तिथे काही झालं तर? मी स्पष्ट नाही म्हणालो. बाबांनी कप खाली ठेवला. "तुले परमिशन कोन मांगून राहिला? येतेस का नाही, तेवढं सांग."

आणि तयारी सुरू झाली. आमच्या बाबांना तयारी म्हणजे एकच माहीत, खाणीची. ते, आई, मी आणि माझी बायको अशा चौघांना चार हेल्मेट आली. दिवसाढवळ्या चढायचं असून हेल्मेटवर दिवे आले. शिट्टी आली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे उतरा, तीन म्हणजे चढा. सराव तलावाच्या पाळीवर. पहिल्याच दिवशी बाबांनी एक जोरदार शिट्टी मारली, तर आमच्यापैकी कुणी थांबलं नाही, पण खालच्या रस्त्यानं जाणारा वीटभट्टीचा ट्रॅक्टर थांबला आणि ड्रायव्हर लायसन काढून उभा राहिला. बाबांनी ते वाचून पाहिलं आणि "ठीक हाये, जा," म्हणाले.

शिड्यांचा सराव कुठं करायचा हा प्रश्न होता. आमच्याकडे लोखंडी शिडी एकच, पाण्याच्या टाकीची. बाबांनी रीतसर विचारून घेतलं आणि सकाळी सकाळी आम्ही वर निघालो. पुढे बाबा, मागे आई, नऊवारीवर हेल्मेट घालून. शिडीकडे तोंड, एका वेळी एकच हात सोडायचा, वरचा माणूस टप्प्यावर पोचल्याशिवाय खालच्यानं पाय ठेवायचा नाही, असे बाबांचे नियम. नियम चांगले होते, पण खाली गर्दी जमली. आमच्याकडे टाकीवर चढतो तो एकाच कारणासाठी चढतो. कुणीतरी ओरडलं, "काकाजी, खाली या! मागणी काय हाये ते सांगा!"

बाबा गोंधळले. आई नाही गोंधळली. तिनं टाकीवरून पदर सावरत सांगितलं, "आमच्या गल्लीत नळ उशिरा येते! लवकर सोडा!"

टाळ्या पडल्या. पुढचा आठवडाभर नळ पहाटेच येत होता, आणि शेजारीण आईला विचारत होती की आता रस्त्यासाठी कधी चढता.

आता बिल्ल्यांचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला बाहेरच्या फळीवर टांगतो आणि वर आला की काढून घेतो. पाळी सुटल्यावर फळीवर एक जरी बिल्ला उरला तरी कुणी घरी जात नाही. बाबांच्या मते जगातली सर्वांत मोठी अक्कल ती हीच. त्यांनी तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून चार बिल्ले केले, खिळ्यानं आमची नावं ठोकली, आणि फळी म्हणून आईचा जेवायला बसायचा सागवानी पाट घेऊन त्यात चार हुक मारले. आईनं पाट हुकांसकट पाहिला. त्या रात्री बाबांना भाजीत मीठ सापडलं नाही.

"फळीपाशी एक मानूस बसलाच पाह्यजे," बाबा म्हणाले. "डोंगराखाली. तो चढत नाही. तू बस," असं आईला.

"मी नाही बसत," आई म्हणाली.

"काहून?"

"बसली ना जिंदगीभर. आता मी वर जाऊन राहिली. तुमी बसा."

बाबा पाटाचे हुक ओढून पाहू लागले. मला मात्र आतून बरं वाटलं. फळीपाशी माणूस नाही, म्हणजे नियमानं सहल रद्द. आणि काही कसर राहू नये म्हणून मी दुसरा डाव टाकला. म्हटलं, बाबा, खाणीत दरसाल डॉक्टरी तपासणी व्हायची ना? मग डोंगराआधी नको का? बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी चौघांचाही नंबर लावला.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बाबांना पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, पट्ट्या चिकटवून मशीनवर पाहिलं, आणि म्हणाले, "हळू चढा, बोलता येईल एवढ्याच वेगानं. बोलताना दम लागला की बसा. बाकी ठणठणीत." आई ठणठणीत. बायको ठणठणीत. मग माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. डॉक्टरांनी तो दुसऱ्यांदा गुंडाळला. मग दुसऱ्या दंडाला.

"तुम्ही कुठं चढायचं म्हणताय?" त्यांनी मला विचारलं.

मी बाबांना दाखवायला नेलं होतं आणि माझ्याच रक्तदाबाच्या औषधाची चिठ्ठी घेऊन मी परत आलो. वाटेत सांडपाण्याच्या नालीवरचा खड्डा आला तेव्हा बाबा समाधानानं म्हणाले, "फळीपाशी मानूस भेटला."

धानाची कापणी आटोपल्यावर आम्ही निघालो. भंडारा रोडहून गाडी, इगतपुरीला उतरून जीप, पायथ्याच्या गावात मुक्काम. शिड्यांवर गर्दी नको म्हणून मधला वार निवडला होता. जीपचं टप बाबांनी ठोकून पाहिलं. सकाळी गावातलाच एक वाटाड्या बरोबर घेतला. तो सळईकडे बघून म्हणाला, "बाबा, हे कशाला?"

"छत पाहाले."

"वर छत कुठाय?"

बाबांनी मान वर केली. निळं, रिकामं, टेकू नसलेलं आभाळ. त्यांच्या धंद्यात एवढं मोठं छत कुणी तपासल्याशिवाय सोडलं नसतं. पण त्यांनी सळई काठीसारखी धरली, आपला बिल्ला पाटाला टांगला आणि निघाले. मागे आई, मागे बायको. आईनं डबा माझ्या हातात दिला. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. "खाऊन घेजो," म्हणाली.

मी चहाच्या टपरीबाहेर मांडीवर पाट घेऊन बसलो. एका पोरीनं विचारलं, हे कीचेन कितीला? मी म्हणालो, विकायचे नाहीत. एकानं फोटो काढला. माझं तिकडे लक्ष नव्हतं. फोनची रेंज येई आणि जाई, आणि बायकोचा लागत नव्हता. जो उतरेल त्याला विचारायचं, हेल्मेटवाले म्हातारे दिसले का? पहिली मंडळी हसली, "हो हो, दगड ठोकत चाललेत." दुसरी म्हणाली, "आजी पुढं निघाल्या, आजोबा शिट्टी मारतायत." मग एक घोळका आला, त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं. त्याच्या नंतरच्यांनीही नाही.

मी पुरी हातात घेतली आणि परत डब्यात ठेवली. तीन पत्र्याचे तुकडे वाऱ्यानं हलत होते, एकमेकांना लागत होते, आणि तेवढा आवाज ऐकवत नव्हता म्हणून मी ते मुठीत धरून बसलो. चौथा माझ्याच नावाचा, तो उगाच बनवलेला, पिशवीतच होता.

मला खाणीच्या कॉलनीतलं घर आठवलं. लहानपणी आम्हा पोरांना आई वेळेवर वाढायची, पण आपलं ताट घ्यायची नाही. चूल सारवायची, अंगण झाडायची, झाडलेलं अंगण परत झाडायची. पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा, मग थोड्या वेळानं बाबांच्या सायकलचा स्टँड वाजायचा, आणि मग ती म्हणायची, "भोंगा झाला, चला, जेवून घ्या." आम्ही जेवलेलो असायचो. ती ते स्वतःलाच सांगत असे, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मला वाटायचं, तिला भूकच उशिरा लागते.

उन्हं कलली आणि वळणावर आधी एक हेल्मेट दिसलं, दिवा चालू असलेलं. आई. कपाळभर देवीचं कुंकू. तिच्या मागे बाबा, सळई खांद्यावर, वाटाड्याशी न थांबता बोलत, म्हणजे दम लागलेला नव्हता. शेवटी बायको, लंगडत. मी उठलो, तर पाय बधिर झालेले होते, पाट पडला, बिल्ले घरंगळले. मला रडू येत होतं, म्हणून मी बाबांवर ओरडलो, "एवढा उशीर काहून केला?"

"वरून लई दूरवर दिसते रे," बाबा म्हणाले. "पाहत बसलो."

आईनं डब्याचं झाकण उघडलं. पुऱ्या मोजायची गरज नव्हती, एकीचाही तुकडा मोडला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून तिघांचे बिल्ले वेचले, ज्याचा त्याच्या हातात दिला, आपला कमरेला खोचला, पाट झटकला आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडला, हुक खालच्या बाजूला करून.

"भोंगा झाला," ती म्हणाली. "जेव आता."