उजवीकडचं काळीज

२०१४ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. चाकणच्या एका लहान दवाखान्यात छातीचे एक्स-रे फोटो धुवून वाळवायचो आणि त्यावर डावं-उजवं लिहायचो. शिक्षण चौथी, पण माझ्या कामावर बोट ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

तिथं एक कामगार यायचा, परभणीकडचा, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणारा. जन्माचा खोकला. दर वर्षी फोटोला यायचा आणि मशीनसमोर उभा राहून विचारायचा, "काका, हसू का?"

"छातीचा हाय, तोंडाचा न्हाई," मी म्हणायचो.

खोकला आला की तो भिंतीकडं तोंड करायचा. टीबीची औषधं दोनदा खाऊन झाली होती. गावाकडं भाऊ आपल्या पोरांना त्याच्या मांडीवर बसू देत नव्हता.

त्याच्या फोटोत काळीज दर वेळी उजवीकडं दिसायचं. फिल्म उलटी टांगली असं समजून मी ती फिरवायचो. विचारलं कुणालाच नाही.

मग नव्या डॉक्टरीणबाईंना त्याचे ठोके उजवीकडं लागले. पुण्यात तपासण्या झाल्या.

"टीबी नाहीच हा," बाई म्हणाल्या. "श्वासनळीतले बारीक केस कफ वर ढकलतात. याचे जन्मापासून नीट हलत नाहीत. फार क्वचित दिसतं असं. अशांतल्या निम्म्यांचं हृदयही उजवीकडं असतं. पण जुन्या फोटोंत हृदय डावीकडं कसं?"

मी जुन्या फिल्म काढून त्यांवरचं माझ्या हातचं डावं-उजवं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गेटवर जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. भावाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"त्याला टीबी नव्हता. चूक माझी हाय," मी म्हणालो.

भाऊ म्हणाला, "पोरं आता मोठी झाली हो."